आई बघितल्याशिवाय नाही

थोरलीला घरात सगळे ‘तपासनीस’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. रक्त तपासायच्या लॅबमध्ये उभा जन्म गेलेला. साधं खरबूज घ्यायचं तरी ती ते दहादा उलटंपालटं करून बघे. कुत्र्याचं मागचं पिल्लू मात्र धाकट्या भावानं तिला न विचारता बाजारातून उचलून आणलं होतं. आई गेल्यापासून अबोल झालेले बाबा त्याच्याशी बोलायला लागले, एकदा हसलेसुद्धा. आठवडाभरात पिल्लू रक्ताची हगवण लागून गेलं आणि बाबांनी अंथरूण धरलं. आणखी एक धक्का त्यांना झेपणार नव्हता, हे कळायला डॉक्टरची गरज नव्हती. म्हणून या खेपेला निवड थोरलीकडे आली.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे पॉमेरेनियनची दोन पिल्लं आहेत असं कळल्यावर ती भर दुपारी तिथं जाऊन थडकली. पुढच्या खोलीत मशीन, चिंध्यांचा ढीग, खिळ्याला टांगलेली मापाची टेप. बाई साठीच्या, ओठांत टाचण्या धरून बोलणाऱ्या. फरशीवर दोन पिल्लं होती: एक मादी, गुबगुबीत, एक नर, नुसता हाडाचा सापळा.

थोरलीनं बाह्या सरसावल्या. मादीचे डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, टाळू भरलेली, मागच्या पायांच्या वाट्या जागच्या जागी. पाठीमागून टाळी वाजवली तर झटकन वळून बघितलं. नाव ठेवायला जागा नव्हती. ओठांना ताजं दूध लागलेलं होतं. नराचं पोट टम्म फुगलेलं, बोटांना बरगड्या लागत होत्या. तो बाटलीवर आहे, असं बाई म्हणाल्या.

आता एकच नियम उरला होता. आई बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही. तिची तब्येत, तिचा स्वभाव, सगळं पिल्लात उतरतं. पण आईचं नाव काढताच बाई आढेवेढे घ्यायला लागल्या. ती आत पडलीय, परक्यासमोर येत नाही, आणि तुम्ही हा नरच का नेत नाही, औषधपाणी केलं की धरेल बाळसं. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. धडधाकट पिल्लू समोर असताना आजारी गळ्यात मारायला निघालेली बाई तिनं पहिल्यांदाच बघितली. आई दाखवा, नाहीतर मी निघाले, असं तिनं सरळ सांगितलं. बाईंनी मधलं दार लोटलं.

कोपऱ्यात टोपली होती, टोपलीत जुनी शाल. बाकी कुणी नव्हतं. गुबगुबीत पिल्लू दोघींच्या पायांमधून धावलं, टोपलीत शिरलं, मान वर करून हवेतच लुचायला लागलं. पुढचे पंजे आळीपाळीनं काहीतरी दाबत होते. दूध त्याच्या तोंडाच्या कडेनं शालीवर ओघळलं. शालीला एक खोलगा पडला होता, आणि तो संथपणे खाली-वर होत होता.

थोरलीनं हात घातला तो निव्वळ तपासणीच्या सवयीनं. हाताला ऊब लागली. मग दाट, मऊ केस. मग श्वासानं फुगणाऱ्या बरगड्या. तिची बोटं आपोआप छातीकडे गेली आणि तिथंच थांबली. सगळं होतं, ठोका तेवढा नव्हता.

“ती बाळंतपणातच गेली,” बाई म्हणाल्या. “मीच पुरलं तिला मागच्या दारी. दुसऱ्या दिवशी बघते तर ही पोरगी पोट भरून झोपलेली. हा नर बाहेर निघेपर्यंत आईचा जीव गेला होता. आपल्याला दुसरंही पिल्लू आहे, हे तिला ठाऊकच नाही.”

थोरलीच्या अंगावर सरसरून काटा आला. पळून जावं असं वाटत असतानाच तिच्या तोंडून प्रश्न निघाला. “म्हणजे ही आजारी पडणार नाही?”

“अजून शिंकलीसुद्धा नाही. पण हिला न्याल, तर हिच्यामागोमाग तीही जाईल. मग माझ्यापाशी काय उरतं, सांगा.”

थोरली तिथंच फरशीवर बसली. कुणापुढं डोळ्यांतून टिपूस न काढणारी ती, पण बाबांचं सांगताना तिला हुंदका आवरेना. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात, जेवायला उठवलं तर कशाला म्हणून विचारतात. बाईंनी ऐकता ऐकता ओठांतल्या टाचण्या एकेक काढून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या.

“ने तू,” त्या म्हणाल्या. “हा राहील माझ्याकडे. याला तरी माझ्याशिवाय कोण आहे?”

गाडीच्या मागच्या सीटवर शाल अंथरली, तिच्यावर पिल्लू ठेवलं. थोरली दार लावायला गेली, तर बाईंनी तिचा हात धरला. “थांब जरा. तिला चढू दे.”

दोघी उभ्या राहिल्या. माणसं आपापल्या वाटेनं चालली होती. बाईंची नजर उंबऱ्यापासून गाडीपर्यंत हळूहळू सरकत आली, वाटेत एकदा थबकली, पुन्हा निघाली. मग सीट किंचित दबली. बाईंनी आत वाकून हवेतच एकदा हात फिरवला आणि आपल्या हातानं दार लावलं.

बाबांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही, असं थोरलीनं पहिल्याच सिग्नलला ठरवलं. त्यांना जगणारं पिल्लू हवं होतं, ते मिळालं होतं. दूध तुटल्यावर ही आई कुणाला धरून राहते, हे मात्र विचारायचं राहून गेलं होतं. परत जाऊन विचारावं असं क्षणभर मनात आलं, तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आरशात पिल्लू पोट वर करून गाढ झोपलेलं दिसत होतं.

तेव्हाच मागून कुणीतरी तिची मान हुंगली. घाई न करता, कानामागं, मग केसांत, मग गळ्याशी जिथं नाडी उडते तिथं बराच वेळ. आणि मग, मनासारखं मिळाल्यासारखी, तिच्या खांद्यावर एक उबदार हनुवटी टेकली.