कुर्चुम नदीतली तांब्याची चकती

मी तांब्याची एक जुनी चकती आहे. लांबी बोटाएवढी, आकार पानाचा, मध्ये जरा खोलगट. मोठा मासा मला जखमी मासोळी समजतो आणि झडप घालतो. कुर्चुम नदीच्या तळाशी, दोन दगडांच्या बेचक्यात मी पडून आहे. अंगावर शेवाळ चढले आहे. पण मित्रांनो, माझा जन्म काही पाण्यात झाला नाही. तो झाला चुलीवर.

कामशातने माहेराहून तांब्याची एक किटली आणली होती. बाहेरून लाल, आतून कल्हई केलेली. एके दिवशी चहा चुलीवर ठेवून ती तबेल्यात धावली, आणि इकडे किटलीचे बूड जळून गेले. तिचा नवरा ओराजबेक याने लगेच कात्री घेतली.

“माझ्या आईची किटली कापलीत!” कामशात दारातूनच ओरडली.

“बूड कोणी जाळलं?”

“तुमची घोडी अडली होती, ओतागासी! तिला सोडवू की चहा बघत बसू?”

घरधन्याला ती ओतागासी म्हणे, त्यांच्याकडच्या सगळ्या बायका म्हणतात तसे. पण रागावली की त्या शब्दाला धार यायची.

ओराजबेकने किटलीचा एक तुकडा लाकडाच्या खोबणीत ठेवून हलक्या हाताने ठोकला. तोच मी. ओढ्यात ओढून पाहिले तर मी भोवऱ्यासारखी फिरू लागले. “अशी फिरलीस तर दोरीला पीळ बसेल,” तो म्हणाला आणि पुन्हा ठोकू लागला. शेवटी मी डुलायला शिकले. एकदा लाल बाजू दिसे, एकदा पांढरी.

तैमेन हा मासा आमच्या नदीचा राजा. लाल शेपटीचा आणि करवतीसारख्या दातांचा. म्हणून माझ्या आणि दोरीच्या मध्ये ओराजबेक पोलादी तार बांधी. वसंतात बर्फ वितळून पाणी गढूळ झाले की राखेने घासून तो माझी कल्हई लखलखीत करी. शरदात पाणी नितळ झाले की मला धुरावर धरून काळवंडवी, कारण नितळ पाण्यात फार चमकणाऱ्या वस्तूवर मासा विश्वास ठेवत नाही. मोठ्या दगडाच्या वरच्या अंगाला मला टाकायचे, बुडू द्यायचे, मग अलगद उचलून पुन्हा पडू द्यायचे. पडतानाच झडप येते.

माझ्या टोकाला अडकवलेल्या गळाला अणीमागे एक उलटा दात असतो. रुतलेला गळ तो निसटू देत नाही. ओराजबेक तो दात कानशीने घासून टाकी. “लहान मासा लागला तर घरी परत जाता यायला हवं त्याला,” असे तो म्हणे. घरी आल्यावर मला पुसून मेंढीच्या चरबीचा हात फिरवी. मुलगी उल्पान हिच्या लग्नात मी आणलेल्या तैमेनचे कालवण सगळ्या गावाने खाल्ले. त्या दिवशी कामशातने पाहुण्यांना मला दाखवले आणि म्हणाली, “ही माझ्या आईकडची!” मित्रांनो, तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही.

पुढे ओराजबेकची नजर गेली. आधी पलीकडचा काठ दिसेनासा झाला, मग स्वतःचा हात. त्याने गळाची काठी कोपऱ्यात उभी केली. आठवडाभर त्याची ती मुकी बसकण पाहून कामशात चिडली.

“उठा. घरात बसून माझं डोकं खाऊ नका. चला नदीवर.”

“मला पाणी दिसत नाही, म्हातारे.”

“मला दिसतं ना! मी काय जीभ विकून खाल्लीय?”

त्या दिवसापासून ती त्याचे डोळे झाली. त्याचा हात धरून ती काठावर उभी राही.

“पाणी कसं आहे?” तो विचारी.

“दूध कमी पडलेल्या चहासारखं.”

“आणि दगडापाशी?”

“तिथे घट्ट आहे. साय धरलीय.”

एवढे त्याला पुरे होई. घरी आल्यावर तार दोन्ही हातांनी ओढून पाहणे आणि नव्या गळाचा दात घासणे ही कामेही तिने अंगावर घेतली. कानस चालवताना ती बोटे सोलून घेई आणि त्याला शिव्या घाली. तो गालात हसे.

एका हिवाळ्यात तिला कफ झाला. रस्ता बर्फाने बंद होता. रस्ता मोकळा झाला तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखे काही उरले नव्हते.

वसंतात तिचा भाऊ झानुझाक ओराजबेकला नदीवर घेऊन गेला. बिचारा मनाने चांगला होता.

“पाणी कसं आहे?” ओराजबेकने विचारले.

“कसं म्हणजे? पाण्यासारखं पाणी आहे!”

ओराजबेकने दोरी गुंडाळली. मग तो म्हणाला, “चल, घरी जाऊ.”

मला गोठ्यातल्या खिळ्याला टांगण्यात आले. छप्पर गळत होते. माझा गळ गंजला, तारेवर तांबूस पूड धरली. कोणी पुसले नाही. मित्रांनो, मी त्याला बोल लावत नाही. ज्याला ताटातले अन्न गिळवत नव्हते, तो मला काय चरबी लावणार?

पुढे शरदात उल्पान शहरातून आली. वडिलांचे हाडांवर आलेले मनगट पाहून ती गोठ्यात गेली, खूप रडली आणि मला खाली काढले. दुकानातून नवा कोरा गळ आणून तिने मला लावला. त्याचा उलटा दात शाबूत होता. तार तिने फडक्याने पुसली, ती वरून स्वच्छ दिसू लागली. तिला कोणी शिकवलेच नव्हते.

काठावर ओराजबेकने बऱ्याच वेळाने विचारले, “पाणी कसं आहे गं?”

उल्पान पाण्याजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, “आईच्या राखी शालीसारखं, कोके. कडेला विरलेलं. मधे दुमडून जाड झालेलं.” वडिलांना ती कोके म्हणे.

म्हाताऱ्याने तोंड फिरवले. त्याने लेकीचा खांदा घट्ट धरला. एरवी गळ टाकण्याआधी तो तारेबद्दल विचारल्याशिवाय राहत नसे. त्या दिवशी विसरला.

मी दगडाच्या वर पडले, बुडाले, उचलली गेले आणि पडता पडता माझ्यावर दार मिटावे तसा जबडा मिटला.

“कोके, लाल शेपटी! माझ्याएवढा आहे!” उल्पान किंचाळली.

“ओढू नकोस! जाऊ दे त्याला, दमू दे!” ओराजबेक ओरडत होता, हसत होता. काठी कमानीसारखी वाकली. आणि गंजलेली तार कट्कन तुटली.

पाण्यातून मला त्यांचे बोलणे ऐकू आले.

“तुटलं, कोके. माझंच चुकलं.”

“वेडे, रडतेस काय? सुटला तो! जाऊ दे घरी. आज मला भूक लागलीय. कणकेचे बौरसाक तळशील?”

बापलेक हसत निघून गेले. कितीतरी दिवसांनी तो हसला होता, आणि तो आनंद खरा होता. म्हणूनच पुढचे सांगताना मला फार जड जाते.

माझ्यावर झडप घालणारी ती तैमेन मादी होती. गळ तिच्या जिभेच्या मुळाशी रुतला होता. घासलेला असता तर तिने दोन-चार वेळा डोके झटकताच मी गळून पडले असते. पण तो दात धरून राहिला. तिने मला दगडांवर घासले, वाळूत रगडले. तोंड नीट मिटेना, शिकार पकडता येईना. मी चमकत राहिले आणि माझ्या चमकण्याने लहान मासे दुरूनच सावध होऊन पळत. तिचे पोट खपाटीला गेले. काठाला बर्फ धरू लागला तेव्हा ती याच दगडांपाशी आली आणि कुशीवर कलंडली. तिच्या पोटात पुढल्या वसंतासाठी अंडी धरू लागली होती.

नदीने तिला हळूहळू नेले. मी वजनदार, इथेच राहिले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी कधी गळ टाकायला गेलात, तर आधी तार दोन्ही हातांनी ओढून पाहा. गंजलेली असेल तर ती कितीही आवडत्या माणसाची असो, बदला. गळाचा उलटा दात घासून टाका. आणि घरात असे काम मुकाट्याने करणारे कोणी असेल, तर ते आहे तोवर त्याच्या शेजारी बसून ते शिकून घ्या.

दोरी तुटली की माणसे म्हणतात, मासा सुटला. तो सुटलेला नसतो.