कुन्नी नावाचं बंदर

मरियमबीच्या पत्राला कमलाकांत मास्तरांनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र नकाशांच्या पुस्तकात, हिंदी महासागराच्या पानावर पडून होतं.

मरियमबी लक्षद्वीपातल्या एका चिमुकल्या बेटावरची. तिचा नवरा कासिम ज्या मालवाहू जहाजाचा कप्तान, त्याच जहाजावर तेल्हाऱ्याचा गोपाल, मास्तरांचा विद्यार्थी, नोकरीला होता. साध्या हिंदीत तिनं लिहिलं होतं : ‘गुरुजी, गोपालची आई फोनवर म्हणाली, तुझ्या नवऱ्यानं माझ्या पोरावर करणी केली. कुणा महाराजांना ते परातीत दिसलं म्हणे. आमच्या घरात पाच पिढ्यांत कप्तान झाले. जहाज नजरेआड झालं की आम्ही बायका “आता दिसत नाही” एवढंच म्हणतो आणि वाट पाहतो. तुम्ही तिला समजवा.’

मास्तर काय समजावणार? चौतीस वर्षं महासागर शिकवले, पण समुद्र एकदाही पाहिला नव्हता. महाराजांना खरंच दिसत असेल, आपलंच चुकत असेल तर?

इकडे दर गुरुवारी बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या शेडमध्ये दर्यानाथ महाराजांचा दरबार भरे. तालुक्यातली आठ-दहा पोरं जहाजांवर होती. त्यांच्या आया, बायका, आणि बघे म्हणून उरलेलं गाव. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण महाराजांच्या पितळी परातीत तो दर गुरुवारी न चुकता भरतीला येई. महाराज आधी पडद्यामागं ध्यान करत. मग बाहेर येऊन परातीत डोळे खुपसत.

“हे पाय, माणिकबाई! तुह्यं जहाज मंगळूरजवळ! डाव्या अंगाले दिवे दिसून राहिले!”

माणिकबाईंनी पोराला फोन लावला. खरंच मंगळूर! शेड दणाणली.

मास्तर खांबाआड बसून वहीत टिपत. सलग सहा गुरुवार टिपलं. घरी नकाशाशी ताडून पाहिलं, तेव्हा गंमत दिसली. जहाज किनाऱ्याजवळ असलं की महाराज बंदराचं नाव घेत, भर समुद्रात गेलं की म्हणत, “दर्यादेव मौनात हायेत.” देवाचं मौन किनाऱ्यापासून अंतर मोजून सुरू होत होतं!

मास्तरांच्या बायकोनं, अनुपमाबाईंनी, वही वाचली आणि त्यांच्यापुढं मोबाईल धरला. “हे घ्या तुमचं मौन. जगातली जहाजं दाखवणारं फुकटचं ॲप. किनारा सुटला की यातलंही जहाज गायब. सहा आठवडे वह्या भरल्या, आता तोंड कधी उघडता?”

तोंड उघडणं भागच होतं. दोन दिवसांपासून गोपालच्या आईनं, सुभद्राबाईंनी, अन्न सोडलं होतं. गोपालनं जहाज सोडल्याशिवाय घास घेणार नाही म्हणे. आणि अर्ध्यात जहाज सोडलं तर पोराची बढती बुडणार होती. मास्तरांनी गोपालला निरोप धाडला.

पुढच्या गुरुवारी गोपालचं जहाज कोचीबाहेर नांगर टाकून होतं. महाराज पडद्यामागून आले, परातीवर झुकले.

“सुभद्रे, जहाज कोचीले हाये. आता निघून राहिलं कुन्नी बंदराकडे! लय मोठं बंदर, सोन्याचे दरवाजे! पण तिथंच त्या बेटवाल्या कप्तानानं तुह्या पोराची करणी पुरली हाये!”

सुभद्राबाईंनी पदर तोंडात धरला. खांबाआडून मास्तर उठले. बोलायचं होतं बरंच, आवाज मात्र फुटला तेवढाच. “गोपाल... बोल रे बाबा.” आणि त्यांनी फोन वर धरला.

“माय,” फोनमधून गोपाल म्हणाला, “कुन्नी बंदर नोय. कप्तानसाहेबाच्या घरची शेळी हाये.”

“शेळी?”

“हो वं. जहाज कुठं चाललं ते आमालेच यंत्रात लिहा लागते. साहेबाच्या परवानगीनं मीच अर्ध्या तासासाठी शेळीचं नाव लिहिलं. ॲपमध्ये दिसलं, तेच तुह्या म्हाराजानं वाचलं.”

गर्दीतले जानराव धावत पडद्यामागं गेले आणि मोबाईल घेऊन आले. जहाजाचं चित्र, खाली पुढच्या बंदराचं नाव : कुन्नी.

“हे मायावी विघ्न हाये!” महाराज ओरडले.

सुभद्राबाई सावकाश उठल्या. “म्हाराज, शेळीचे सोन्याचे दरवाजे कोणत्या बाजूले असतात, तेवढं सांगून जा.”

हसू असं उसळलं की परातीतला समुद्र सांडला. महाराज मागच्या दारानं निघाले. चपला पुढच्या दारी राहिल्या.

मास्तरांनी मग यंत्राची गोष्ट समजावली. जहाज आपला ठावठिकाणा स्वतःच रेडिओनं सांगत असतं, किनाऱ्यावरचे अँटेनाचे खांब तो ऐकतात, आणि लांबचं त्यांना ऐकू येत नाही. सुभद्राबाईंनी विचारलं, “मास्तर, मंग भर समुद्रात पोरगा कसा हाये, हे कसं कळन?”

“नाही कळत, सुभद्राबाई. कळतं म्हणणाऱ्याला ‘कसं?’ एवढं विचारायचं. आणि वाट पाहायची. मरियमबी पाहतात तशी.”

सुभद्राबाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, “त्या बाईले मी काय काय बोलली. घरी चला मास्तर. भाकर खातो, मंग चिठ्ठी लिहू.”

दुसऱ्या दिवशी दोघं पोस्टात गेले. पत्रात मास्तरांनी उशिराची माफी मागितली होती आणि एकदा समुद्र पाहायला यावं का, असं भीतभीत विचारलं होतं. खाली सुभद्राबाईंच्या वाकड्या अक्षरात : ‘बहिन, चुकली मी.’ सोबत एक जड पार्सल.

“काय हाये यात?” कारकुनानं विचारलं.

“सरकीची ढेप,” सुभद्राबाई म्हणाल्या. “कुन्नीसाठी.”