आधी ऑफिसातला मोठा

दहा वाजता प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि साडेनऊला लॅबमधल्या पंधराही कॉम्प्युटरांवर परीक्षेचं फोल्डर रिकामं. इरिंजालकुडाच्या त्या शाळेत रजिता टीचर लॅबप्रमुख होऊन जेमतेम महिना झाला होता. परीक्षा बुडाली तर लॅब गणिताचे मास्तर तंगप्पन माश यांच्याकडे जाणार, हे नक्की होतं. माश तर सकाळपासून काही काम नसताना दारातच उभे.

प्रश्नांच्या फायली होत्या ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. लॅबमधले सगळे चालू होताना त्याचंच फोल्डर आपल्याकडे जोडून घेत. रजिताने वायरी हलवल्या, तीनदा मेन स्विच बंद करून चालू केला. फोल्डर ढिम्म रिकामंच. परीक्षक जमीला टीचर येऊन घड्याळाकडे पाहू लागल्या, तेव्हा रजिताला रडूच फुटायचं बाकी होतं.

शेवटी शिपाई वेलायुधन चेट्टन, म्हणजे सगळ्यांचे वेलायुधनदादा, खाकरले. “पूर्वीच्या अन्नम्मा टीचर आधी ऑफिसातला मोठा चालू करायच्या. मग कॅन्टीनला जाऊन पुट्टू-कडला खायच्या. आल्यावर लॅबचे.”

ती पद्धत आळशीपणाची वाटून रजितानेच पहिल्या दिवशी बंद केली होती. एक मेन स्विच, सगळे एकदम, अशी तिची शिस्त; मोठ्याच्या फोल्डरची गरज मात्र आजच पहिल्यांदा पडली होती. आता तिच्या डोक्यात उजेड पडला. मोठा होता म्हातारा, उठायला दहा मिनिटं घेणारा. लॅबचे मिनिटात जागे होऊन त्याला एकदाच हाक मारत, ओ आली नाही की गप्प बसत.

मोठा एव्हाना जागा झाला होता; तो चालूच ठेवून तिने फक्त लॅबचे बंद केले, पुन्हा लावले. पंधराही फोल्डरं भरली. मुलं कामाला लागली.

जमीला टीचरांनी अहवाल उघडला. बिघाड कसला होता, आणि शोधला कुणी? माशचे कान टवकारलेले. नेटवर्कचा दोष, असं सांगून रजिता सहज सुटली असती.

“चूक माझी होती, टीचर,” रजिता म्हणाली. “शोधली वेलायुधन चेट्टननी. त्यांचंच नाव लिहा.” लाज वाटत होती, तरी बोलल्यावर हलकं वाटलं.

मग तिने चेट्टनना विचारलं, महिनाभर बोलला का नाहीत?

“तुम्ही आल्या आल्या सांगितलंत, लॅबमध्ये फक्त शिकलेल्यांनी बोलायचं,” ते म्हणाले आणि पंख्याचं बटण दाबायला गेले.