त्या दुपारी चहाखान्यात कोण कोण होतं

मित्रांनो, पितळेच्या भांड्याला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मला फार थोडं कळतं. पोटात निखारे असले की गरम, नसले की गार, एवढंच. पण बगदादच्या एका चहाखान्यात मी वर्षानुवर्षं उकळलो आहे, आणि माझ्यासमोर बोलताना कुणी कधी आवाज खाली केला नाही. भांड्याला कोण भितो? म्हणून माझी हकीकत ऐका.

मी समोवार. तुमच्याकडे अंघोळीच्या पाण्याचा बंब असायचा ना, त्याचा मी मावसभाऊ. मध्ये निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, खाली तोटी आणि डोक्यावर चहाची किटली. तांबटांच्या बाजारात मला ठोकून ठोकून घडवलं. त्या गल्लीत एवढा ठणठणाट असे की तांबट तोंडाने बोलतच नसत, भुवया उडवून भाव ठरवत. त्यामुळे माणसाचा आवाज मी पहिल्यांदा धड ऐकला तो माझ्या मालकाचा. मला खांद्यावर घेऊन गल्लीबाहेर पडल्यावर तो म्हणाला, "चल बाबा, आता तू नि मी."

मालकाचं नाव अबू सरमद, म्हणजे सरमदचा बाप. आमच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. सरमद जन्मला त्या दिवसापासून मालकाचं स्वतःचं नाव कुणी घेतलं नाही, आणि त्यालाही त्याची आठवण होत नसावी. चहाखाना नदीच्या पश्चिमेला, बसगाड्यांच्या तळाजवळ. लाकडी बाक, त्यांवर चटया, कोपऱ्यात डॉमिनोचा खडखडाट. दर शुक्रवारी अबू सरमद मला सुक्या लिंबाच्या चोथ्याने घासायचा आणि गिऱ्हाइकं म्हणायची, "अबू सरमद, हा तर नवरदेव दिसतोय!" मला ते आवडायचं. आवडणं म्हणजे काय ते तेव्हा मला थोडंफार कळत असे.

मग नाकेबंदीची दुष्काळी वर्षं आली. साखर रेशनवर गेली. लोक खजुराचा तुकडा दाढेखाली धरून कोरा चहा पीत. खिडकीजवळच्या बाकावर एक गृहस्थ बसू लागले. ते सरकारचे कान आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते आले की गप्पा फुटबॉलवर जात, नाहीतर भेंडीच्या भावावर. भेंडीच्या भावावर एवढं बोलणं जगात दुसरीकडे कुठे झालं नसेल.

आता आमच्या चहाखान्याची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. बसमधून उतरून कुणी परका माणूस आत आला, तर त्याच्या पहिल्या चहाचे पैसे त्याने द्यायचे नाहीत. मोहल्ल्यातल्या कुणीतरी ते गुपचूप द्यायचे. परका उठून खिशात हात घालायचा आणि अबू सरमद ओरडायचा, "पोचले!" कुणाकडून पोचले ते पाहुण्याला सांगायचं नाही. हा मान मिळवण्यासाठी आमची माणसं हमरीतुमरीवर येत.

राजवट पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, असाच एक परका आला. बोली दुसऱ्या मुलखातली, डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. पंख्यांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारा सरमद नेमका शेजारच्या दुकानातून जेवणानंतरच्या चहाला आला होता. परका त्याच्या बाजूला टेकला आणि लगेच जुंपली.

"पाहुण्यांचा चहा माझ्याकडून!" लफ्ता शिंपी ओरडला.

"गप रे. परवा दोघांचे तूच दिलेस. आज मी," हाजी खलफ म्हणाला. हाजीचं रजया भरायचं दुकान होतं आणि आवाज रजईत घुसमटल्यासारखा.

"हाजी, बायकोला तलाक देईन पण तुम्हाला देऊ देणार नाही!"

"दे की. बिचारी सुटेल तरी."

ते दोघं भांडत असताना सरमदने जवळ बसल्याचा फायदा घेऊन पैसे सरकवले. उस्ताद यारुब पलीकडेच बसले होते. उस्ताद म्हणजे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. पाहुण्याचं गाव कोणतं ते कळताच त्यांनी त्याला त्याच्याच गावाचा इतिहास सांगायला घेतला. पाहुण्याने दोनदा जांभई दिली, चहा संपवला, पेल्यावर चमचा आडवा ठेवला, म्हणजे आता पुरे. "पोचले!" अबू सरमद ओरडला. पाहुणा छातीवर हात ठेवून गेला. पुन्हा कधी आला नाही.

पुढच्या वर्षी युद्ध झालं, परदेशी फौजांचे बॉम्ब पडले आणि राजवट कोसळली. अबू सरमदने भिंतीवरची राष्ट्राध्यक्षांची तसबीर उतरवली आणि तिची काच खिडकीला बसवली, कारण खिडकीची फुटली होती. खिडकीजवळचे गृहस्थ यायचे बंद झाले. लोकांच्या जिभेला हाड राहिलं नाही. टीव्ही आला, त्यावर जगभरची भांडणं आली, आणि सगळ्यात मोठं भांडण हे की आमच्या पडलेल्या सरकारचे देशोदेशी बॉम्ब फोडणाऱ्या दहशतवादी टोळ्यांशी लागेबांधे होते की नव्हते. म्हणे युद्ध त्यासाठीच झालं होतं. दूरच्या देशातली टाय लावलेली माणसं त्यावर तावातावाने बोलत, आणि खाली बाकांवर आमची माणसं त्याहून तावातावाने.

एका संध्याकाळी पडद्यावर एक छायाचित्र आलं. दोन बोटं नसलेला हात. अशा अशा टोळीचा म्होरक्या, राजवटीच्या काळात बगदादमध्ये होता, असं सांगत होते.

"बघा! मी काय म्हणत होतो?" लफ्ता शिंपी ताडकन उठला. "आपलं जुनं सरकार त्यांना सामील होतं. माझ्या भावाला घरातून नेलं आणि आम्हाला फक्त त्याचं घड्याळ परत दिलं. असल्यांना काय अशक्य आहे?"

"तुझ्या भावासाठी मीही रडलोय, लफ्ता," उस्ताद म्हणाले. "पण माणूस खुनी निघाला म्हणून शेजाऱ्याची कोंबडीही त्यानेच चोरली, असं होत नाही. पुरावा लागतो."

"तो बगदादमध्ये होता, हा पुरावा नाही?"

"होता ना! इथेच होता, या बाकावर! आणि आपल्या सरमदने त्याला चहा पाजला. मग काय, सरमद त्यांच्या टोळीत? धरा त्याला! सरकार आणि टोळी यांच्यातला दुवा सापडला हो, अबू सरमदच्या चहाखान्यात!"

जो हशा पिकला! सरमदही हसला. लफ्तासुद्धा शेवटी कपाळावर हात मारून खाली बसला. त्या दिवशी वाद उस्तादांनी जिंकला.

मित्रांनो, त्या बोलण्यातलं अर्धंच दाराबाहेर गेलं. 'सरमदने त्याला चहा पाजला', एवढंच. 'मग काय' आणि हशा आतच राहिला. कुणी नेलं ते मला ठाऊक नाही. चहाखान्यात माणसं येतात आणि जातात.

परदेशी सैनिक चहाखान्यात आले तेव्हा सरमदच्या हातात पंख्याच्या मोटारीची तार होती. बरोबर तोंड झाकलेला एक दुभाषा होता. तो आमच्याच शहराची भाषा बोलत होता. बॉम्बची म्हणून त्यांनी ती तारही नेली. सरमदच्या डोक्यावर पिशवी घातली तेव्हा अबू सरमद माझ्या तोटीखाली पेला धरून उभा होता. पेला भरून वाहू लागला, पाणी त्याच्या बोटांवर आलं, तरी त्याने तोटी बंद केली नाही. ते पाणी मीच उकळलेलं होतं. त्याचा हात भाजला हे मला कळलं, मला काही वाटलं मात्र नाही. तेव्हापासून तसंच आहे.

अबू सरमद त्या सैनिकांच्या छावणीच्या फाटकावर रोज जाऊ लागला. शेवटी दुभाष्याने त्याला सांगितलं, "त्या दुपारी तिथे हजर असलेली माणसं आणा. ही तुमची रीत आहे आणि पोरगा त्या माणसाला ओळखत नव्हता, असं त्यांनी सांगू दे. मग बघू."

अबू सरमद परत आला तो पळतच. "एवढंच मागतायत!" तो म्हणाला. "अहो, सगळेच तर होतात तुम्ही!"

बाकांवरचा डॉमिनो थांबला.

"त्या दुपारी होय..." हाजी खलफ दाढी कुरवाळत म्हणाला. "त्या दुपारी मी बहुतेक करबल्याला गेलो होतो, अबू सरमद. हो, करबल्यालाच. बहिणीकडे."

"मी दुकानात होतो," लफ्ता शिंपी म्हणाला. "ईद तोंडावर होती. मान वर करायला फुरसत नव्हती."

ईद तोंडावर नव्हती. ऐन उन्हाळा होता, त्या वर्षी ईद हिवाळ्यात आली होती, आणि तलाकची शपथ त्यानेच घेतली होती. पण त्या दिवसांत फाटकावर साक्ष द्यायला गेलेले काही जण आतच राहिले होते. ज्याने चहा पाजला तो दुवा ठरला, मग ज्याने चहा पाजायची शपथ घेतली तो कोण ठरेल? मी त्यांना नावं ठेवत नाही. भीती काय असते ते पितळेला कुठून कळणार? मी फक्त पाहत होतो. जो तो त्या दुपारमधून उठून जात होता. डॉमिनो खेळणारे चौघे गेले, दारातला फळवाला गेला. शेवटी त्या दुपारी चहाखान्यात दोनच माणसं उरली, तो परका आणि सरमद.

उस्ताद यारुब मात्र उठले. त्यांनी इस्त्रीचा कोट घातला. "मी जातो," ते म्हणाले. "माझ्याच तोंडून निघालं. मीच निस्तरतो." अबू सरमदने त्यांचा हात धरून कपाळाला लावला.

ते संध्याकाळी परतले. अबू सरमद त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी सगळं सांगितलं," उस्ताद म्हणाले. "रीत सांगितली. शंभर वर्षांची आहे म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, त्या दुपारी तुम्ही स्वतः तिथे होता का."

"आणि?"

उस्तादांनी कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "मी म्हणालो, ऐकलंय. लोकांकडून ऐकलंय."

ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांनी साऱ्या हयातीत मुलांना शिकवलं होतं. अबू सरमदने त्यांना चहा दिला. दोन चमचे साखर, नेहमीसारखी. त्याने रागावून पेला आपटला असता तर बरं झालं असतं. उस्तादांनाही बरं वाटलं असतं.

त्यानंतर चहाखान्यात "पोचले!" कुणी ऐकलं नाही. आपल्या चहाचे पैसे ज्याने त्याने द्यायचे. परका आत आला की आजूबाजूचे जरा सरकून बसत. लोक "अबू सरमद, एक चहा" अशी हाक मारत आणि दर हाकेला मुलाचं नाव ऐकून तो क्षणभर दाराकडे बघे. मला घासणं त्याने सोडलं. शुक्रवार येत आणि जात. मी हिरवा पडलो. मग गॅसची शेगडी आली आणि मला वरच्या फळीवर ठेवलं, निखारे नाहीत, पाणी नाही. वरून मला सगळं दिसे. टीव्हीवर तोच वाद चालू असे. एक अहवाल म्हणे, लागेबांधे सापडले नाहीत. दुसरा म्हणे, शोध अजून पुरा झालेला नाही. आमची माणसं खाली मान घालून ऐकत. वाद कुणी घालत नसे.

दोन उन्हाळे गेले आणि एका सकाळी सरमद दारात उभा राहिला. सोडला होता. का धरला ते जसं सांगितलं नव्हतं, तसं का सोडला तेही सांगितलं नाही. कपडे त्याच्या अंगावर दुसऱ्याचे असल्यासारखे लोंबत होते. अबू सरमदने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि नुसता बघत राहिला. हाजी खलफने घरून कुब्ब्यांचं, म्हणजे खिमा भरलेल्या गोळ्यांचं, पातेलं आणलं. लफ्ता शिंप्याने खिशातून टेप काढून तिथल्या तिथे त्याचं माप घेतलं. "पोरा, तुला नवा झब्बा शिवतो. काय हा हाडांचा सापळा!"

उस्ताद यारुब सगळ्यात शेवटी आले. सरमदने सरकून त्यांना जागा करून दिली.

"आत तुझ्याशी..." उस्तादांनी सुरुवात केली आणि थांबले.

"रोज एकच विचारायचे, उस्ताद," सरमद म्हणाला. "त्या दुपारी आणखी कोण कोण होतं, नावं सांग. नावं सांगितलीस तर लगेच सोडतो म्हणायचे."

कुणी घोट घेतला नाही.

"मी नाही सांगितली. तुम्हालाही उचललं असतं. तुमचं ते गुडघ्याचं दुखणं, हाजींचा दमा... म्हटलं, नको." त्याने पेला हातात फिरवला. "शेवटपर्यंत म्हणालो, कुणीच नव्हतं. मी एकटाच होतो."

उस्तादांचे ओठ हलले. "आम्हीही..." ते म्हणाले. "आम्हीही तेच सांगितलं, बाळा."

"हो," सरमद म्हणाला. "तुमचं लिहून घेतलेलं त्यांनी मला दाखवलं. म्हणाले, बघ, जुळतंय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो कुब्बा खाऊ लागला, हळूहळू, एकाच बाजूच्या दातांनी. अबू सरमद उठला आणि त्याने टीव्ही बंद केला. लफ्ता शिंपी टेप गुंडाळत होता, ती संपल्यावरही बोटं गुंडाळतच राहिली.

मित्रांनो, जुनी भांडी घासूनपुसून ठेवा, असं मागणं मी मागायला हवं. ठेवा, चांगलंच आहे. मला स्वतःला आता चकाकीची हौस नाही. माझं मागणं दुसरं आहे. कुणाबद्दल अर्धं बोलणं कानावर आलं तर उरलेलं अर्धं कुठे गेलं ते विचारा. आणि कधी कुणी तुम्हाला विचारलं, तू तिथे होतास का, आणि तुम्ही होतात, तर होतो म्हणा.

मला कुणी विचारलं नाही. मी तिथेच होतो, रटरट उकळत. त्या दुपारी चहाखान्यात बसायला जागा नव्हती. मागाहून आलेल्या दोघांनी उभ्यानेच चहा घेतला.