पोळ्याच्या दिवशी कळा

जयवंताने सासरी एकच हट्ट धरला होता. बाळंतपण घरात नको, कळा लागल्या की बैलगाडीने थेट समुद्रपूर गाठायचं, नर्सबाईकडे. माहेरचं तर नावच काढायचं नाही. तिथेच तिची थोरली बहीण अडली होती. दोन दिवस आत सुईण आणि धूप, बाहेर रडारड. शेवटी बाळही गेलं आणि बाळंतीणही.

सासू रुख्माबाईने नाक मुरडलं, पण सासरे अण्णाजी म्हणाले, "गाडी जुंपून देतो. माहा शब्द."

अण्णाजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, सारं गाव सांगायचं. जयवंता निर्धास्त झाली. नवऱ्याने, रूपरावने, गाडीला वंगणही देऊन ठेवलं. दिवस भरणार होते गणपतीनंतर. मधल्या पोळ्याचा विचार कोण कशाला करतो?

कळा नेमक्या पोळ्याच्या दुपारी सुरू झाल्या.

आदल्या संध्याकाळीच अण्णाजींनी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळून हात जोडले होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवणं म्हणजे घरावर अरिष्ट ओढवून घेणं. गावातली एकही जोडी आज जुंपली जाणार नव्हती. त्यात अमावस्या. रुख्माबाईने तर कोणाला न विचारता आतल्या खोलीत धूप पेटवला. तो वास येताच जयवंता उठली. भिंत धरत धरत ती अंगणात आली.

रूपराव जू हातात घेऊन उभा होता. अण्णाजी बैलांच्या शिंगांना बेगड लावत होते.

"बाबा, जुंपू द्या ना. जीव जाईन तिचा."

"बैलायले काल शब्द देल्ला म्या."

"अन् मले?" जयवंताने विचारलं. एरवी ती सासऱ्याशी दाराआडून बोलायची.

अण्णाजी खेकसले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचे डोळे भरून आले. माणूस वाईट नव्हता, भीती वाटावी ती याचीच.

"पोरी, ते मुके जनावरं," ते हळूच म्हणाले. "त्यायले समजावता येत नाई. तुले समजते."

रूपरावने जू खाली ठेवलं. रुख्माबाईने सुनेच्या दंडाला धरून तिला आत वळवलं. उंबऱ्यावर पुढची कळ आली तेव्हा जयवंता जिवाच्या आकांताने ओरडली, पण वेशीवर, बैल जमायच्या तोरणाकडे, डफडी सुरू झाली होती आणि अण्णाजी बैल घेऊन निघाले होते.