बेताची घसरण

"या पेटीत हात घातले की नाक खाजतंच. निसर्गनियम आहे हा. पण तो शोधून काढणाऱ्या मला कुणी विचारत नाही," शेजारी उभा असलेला सहकारी पुटपुटला, ज्याला सगळे दाढीच म्हणायचे.

नवी हसली नाही. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या हवाबंद पेटीत होते आणि चिमट्याच्या टोकाला लिथियमची कागदासारखी चकती थरथरत होती. लिथियमला हवा लागली की त्याचं वाटोळं होतं, म्हणून पेटीला जोडलेल्या लांब रबरी हातमोज्यांत हात घालून सगळं करायचं. एकदा हात आत गेले की मग नाक खाजो, नाहीतर जग बुडो. त्यावर ताईंनी उपाय काढला होता. काचेवर बाहेरून, नाकाच्या उंचीला, भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चिकटवून ठेवला होता. पण ती उंची ताईंच्या नाकाची. नवीला टाचा उंचवाव्या लागायच्या आणि दाढीला गुडघे वाकवावे लागायचे. तुकडा जरा सरकवावा हे मनात सगळ्यांच्याच आलं असेल, ओठांवर कुणाच्या आलं नव्हतं.

विद्यापीठातली ही प्रयोगशाळा बॅटऱ्यांची, आणि नवीची जागा ताईंची. जाहिरातीतच तसं होतं, मूळ संशोधक रजेवरून परत येईपर्यंत. मुलाखतीत सरांनी बॅटऱ्यांबद्दल जेमतेम काही विचारलं आणि मग म्हणाले, जागा सांभाळायची आहे, बळकावायची नाही. नवीने मान डोलावली. त्याला वर्ष उलटून गेलं तरी ती सगळ्यांची नवीच राहिली. अधूनमधून विद्यापीठाच्या ऑफिसातून फोन यायचा, की त्या बाई येणार आहेत का, नाहीतर जागा कायमची भरून टाकू. सर म्हणायचे, कळवतो. फोन ठेवल्यावर ते नवीकडे बघायचं टाळायचे, आणि नवी त्यांच्याकडे. जागा कायम व्हावी असं तिला फार वाटायचं, आणि वाटलं की लगेच स्वतःचीच लाज वाटायची. ती कशाने कायम होणार, हे न कळण्याइतकं दूधखुळं तिथे कुणीच नव्हतं.

ताई घरी होत्या, उपचार चालू होते. "ताईंना बरं वाटलं की" हे शब्द प्रयोगशाळेत मिठासारखे सगळ्या बोलण्यात पडायचे.

आजारी पडायच्या आधी ताईंनी एक सेल बांधला होता. कोटाच्या बटणाएवढा. आतल्या द्रावणात त्यांनी स्वतः शोधलेलं काहीतरी थेंबभर घातलं होतं, आणि त्या थेंबावर त्यांचा भारी जीव. चाचणीच्या कपाटात तो रात्रंदिवस भरत होता, रिकामा होत होता, पुन्हा भरत होता. त्याच्या बरोबरीचे सेल दमले, थकले, बाहेर निघाले. ताईंचा मात्र अजून मूळ क्षमतेच्या नव्वद टक्क्यांच्या वर ठाण मांडून होता. दर शनिवारी नवी त्यांच्या घरी जाऊन त्याची खबर द्यायची. आकडा ऐकला की ताई निवांत उशीला टेकायच्या. आणि भावजी, म्हणजे ताईंचे यजमान, पण आता सगळ्या प्रयोगशाळेचेच भावजी, दाराला धरून तो आकडा असा ऐकायचे, जसं काही डॉक्टरच बोलतोय.

मग एका सकाळी तो सेल मेला. कुरकुर नाही, सूचना नाही. आदल्या संध्याकाळी धडधाकट होता, आणि आता पडद्यावरची त्याची रेघ विहिरीत दगड पडावा तशी खाली गेलेली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रेघ होती तिथेच होती.

मेलेला सेल उघडून बघायचा असतो, आत काय बिघडलं ते. पण तिथला रिवाज असा, की ज्याने बांधला त्यानेच उघडायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. सरांनी तो एका डबीत घालून पेटीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवायला लावला.

"ताईंना येऊ दे," ते म्हणाले. मग नवीला खिडकीशी बोलावून, बाहेर बघत म्हणाले, "शनिवारी काही बोलू नकोस. आकडा जरा जरा खाली आणत जा. बेताने."

ज्या माणसाने एकेका दशांशावरून पोरांना घाम फोडला होता, तो हे सांगत होता.

खोटं इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. ताईंच्या घराचा जिना चढताना ती मागचा आकडा कणभर उतरवायची, की दार उघडेपर्यंत नवा तयार. ताई ऐकायच्या, टेकायच्या. भावजींचा चेहरा उजळायचा. परतताना नवी जिन्यात थोडा वेळ कठड्याला धरून उभी राहायची.

या शनिवारी ताईंचं अंग आणखी आटलेलं दिसलं. मनगटातलं घड्याळ कोपराकडे सरकलं होतं. हसू तेवढं जुन्या मापाचं होतं. ते दिसावं म्हणून नवीने बुधवारची कथा रंगवून सांगितली. चाचणीच्या खोलीतला एसी बंद पडला, दुरुस्तीवाला येतो येतो म्हणून दिवसभर आलाच नाही, दाढीने घरचा टेबलफॅन आणून कपाटासमोर लावला, आणि सर स्वतः फाइलने सेलना वारा घालत होते, एखाद्या पाहुण्याला घालावा तसा. ताई खोकला येईपर्यंत हसल्या. भावजी आत चहा ओतत होते, तेही तिथूनच हसले.

"आणि माझा काय म्हणतोय?"

"नव्वद पॉइंट चार, ताई."

"मागच्या शनिवारी?"

"पॉइंट सहा."

ताईंनी डोळे पुसले. हसताना आलेलं पाणी होतं ते. मग पांघरुणाची कड बोटांनी सरळ केली.

"बुधवारी खोली चांगलीच तापली असेल."

"भट्टी झाली होती नुसती."

"मग दाढीचे आकडे उडाले असतील वर."

"सगळ्यांचेच उडाले. म्हातारे सेलसुद्धा तरण्यासारखे..."

नवी थांबली. ऊब मिळाली की सेल तेवढ्यापुरती जास्त वीज देतो, ही तिच्या धंद्यातली बाराखडी. बुधवारी सगळ्यांच्या रेघांना उंचवटा आला होता. ताईंची तेवढी शहाण्या मुलीसारखी एकेक पायरी उतरत राहिली होती.

"माझाच एकटा थंड हवेच्या ठिकाणी गेला होता वाटतं," ताई म्हणाल्या.

नवीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"कधी गेला?"

"महिना होत आला."

"आकडे सरांचे?"

"सांगितलं सरांनी. केले मीच."

"छान केलेस. घसरण अगदी बेताची ठेवलीस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच नवीला मान वर करता येईना.

भावजी कपबशा घेऊन दारात येऊन थबकले होते. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"आमच्या घरातही असेच आकडे येतात. हे हॉस्पिटलातून आणतात. किंचित फरक आहे, किंचित फरक आहे. मला ताप येवो, उलट्या होवोत, यांच्या रेघेला उंचवटा म्हणून नाही."

कपबशा किणकिणल्या. भावजींनी त्या खिडकीत ठेवल्या, एका बशीचा कप नीट मध्यभागी सरकवला, मग दुसऱ्या बशीचा.

"अगं, डॉक्टर म्हणालेच आहेत," ते खिडकीकडेच तोंड करून म्हणाले, "जरा बरं वाटलं की..."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज बराच वेळ येत राहिला.

"उघडून बघितला का?" ताईंनी नवीला विचारलं.

"नाही. पेटीत ठेवलाय, डबीत. तुमचा आहे ना."

पांघरुणावर ताईंचा उजवा हात पडला होता. अंगठा आणि तर्जनी हळूच जवळ आली, चिमटा धरल्यासारखी, आणि तशीच थोडा वेळ राहिली.

"कडेने काप. घाई करू नकोस. आतला पातळ पडदा आधी बघ, तिथेच कुठेतरी भोक पडलं असणार. सापडलं तर माझ्या थेंबाचा दोष नाही असं सरांना सांग. नाही सापडलं तरी सांग."

"ताई, मी कशी उघडू? तुमचा सेल."

"आणि तो स्पंज खाली घे. टाचा दुखत नाहीत का तुझ्या?"

"राहू दे तो तिथेच. तुम्ही आलात की..."

ताईंनी तिच्याकडे बघितलं नाही. खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या भावजींकडे बघितलं.

"मी येणार नाहीये," त्या म्हणाल्या.