कुंग सरांनी पाकीट फोडलं

उजवं इंजिन पेटलेलं, विमान जेमतेम वर चढतंय, आणि माझ्या हेडफोनमध्ये कुर्र कुर्र असा आवाज. मला वाटलं, हाही परीक्षेचाच भाग. कुंग सरांनी मुद्दाम घातलेला आणखी एक बिघाड. म्हणून मी नियमाप्रमाणे मोठ्यानं सांगितलं, "कुरकुर आवाज येतोय. चालू इंजिनात कंप असावा. तपासा."

शेजारी बसलेल्या सहवैमानिक लायनं काट्यांकडे पाहिलं, मग मान वळवून मागे पाहिलं आणि ओठ जेमतेम हलवत म्हणाला, "कंप नाही."

विमान खोटं होतं. ताओयुआनच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात पोलादी पायांवर उभी असलेली एक पांढरी खोली, आत हुबेहूब कॉकपिट, खिडक्यांच्या जागी पडदे. सिम्युलेटर. परीक्षा मात्र खरी होती. पास झाले तर कॅप्टन. नापास झाले तर निवृत्त होईपर्यंत उजव्या खुर्चीत, दुसऱ्यांच्या हाताखाली. ही माझी दुसरी संधी होती, आणि तिसरी आमच्याकडे कुणाला मिळत नाही.

पहिल्या वेळी ह्याच कुंग सरांनी मला नापास केलं होतं. उडवण्यात खोट सापडली नाही, म्हणून शेरा मारला, 'आवाजात अधिकार नाही.' लढाऊ विमानांतून आलेला माणूस. त्यांच्या हाताखालून गेलेले अर्धे कॅप्टन आजही त्यांना बघून उभे राहतात. त्यांच्या शेऱ्यावर कोण बोट ठेवणार? मी वर्षभर घरी आरशासमोर ओरडून बघितलं. शेजारीण विचारायला आली, नवऱ्याशी भांडतेस का म्हणून. मला नवराच नाही.

तर आग मी विझवली. पेटलेलं इंजिन बंद केलं, विमान वळवलं, एका इंजिनावर धावपट्टीच्या रेषेत आणलं. ईशान्येचा वारा बाजूनं ढकलत होता. समोर दिवे दिसायला लागले. आता फक्त उतरायचं बाकी होतं.

आणि सगळे पडदे काळे झाले. खोलीनं एक लांब सुस्कारा टाकला आणि एका अंगावर वाकडी होऊन बसली. सिम्युलेटरच कोसळला होता.

आमचा तंत्रज्ञ आ-श्यांग दार उघडून धावत आत आला. त्यानं आधी कॉम्प्युटर नाही पाहिला. आधी पाहिलं ते आमच्या पाठीमागचं परीक्षकाचं टेबल. तिथं हिरवं पाकीट पडलेलं होतं. फोडलेलं, रिकामं.

मक्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट. नाव असं, की लेकराला म्हणावं, 'शहाण्यासारखं वाग.' आमच्याकडे सगळे मानतात, हे यंत्रावर ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवंच लागतं, तारीख उलटलेली चालत नाही, आणि खायचं तर मुळीच नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण इतक्या वर्षांत मीसुद्धा कधी त्या पाकिटाला हात लावला नव्हता.

"सर," आ-श्यांग म्हणाला, "हे कुणी फोडलं?"

"सकाळपासून नुसत्या चहावर आहे मी," कुंग सर बोटं झटकत म्हणाले. "खायची वस्तू होती, खाल्ली. त्यात काय एवढं?"

"सर, ते मशीनचं होतं."

"मग उद्या नवीन ठेव."

त्यांच्या मिशीला पिवळा भुगा लागला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे कंप तो हा! मी जळतं इंजिन विझवत होते तेव्हा हा माणूस माइक चालू ठेवून पाकिटात हात घालून बसला होता, आणि मी मूर्खासारखी त्याच्या चावण्याची खबर देत होते.

"चला," सर म्हणाले, "सुरू झालं की पहिल्यापासून घेऊ. टेक-ऑफपासून."

"पहिल्यापासून का?" मी विचारलं. "यंत्र बंद पडलं तर जिथं थांबलं तिथून पुढे, असा नियम आहे. झालेलं परत करायचं नसतं."

"नियम मला नको शिकवूस, पोरी. तुझं ते आगीचं मी नीट पाहिलेलं नाही."

"का नाही पाहिलं?"

लाय पट्ट्याचं बक्कल उघडत होता, परत लावत होता.

"आवाज चढवू नकोस," सर म्हणाले.

"मागच्या वेळी आवाज नाही म्हणून नापास केलंत!"

"म्हणूनच सांगतो, शांतपणे पहिल्यापासून कर. चांगली असशील तर परत जमेल की."

परत जमेल की! जणू मी सर्कशीतलं माकड. बरं, जमलं नाही तर? पहिलं कुणी पाहिलेलंच नाही, मग दुसरंच खरं.

पण मशीन सुरू होईना. म्हणजे आ-श्यांग ते सुरू करीना. हाताची घडी घालून दारात उभा राहिला. "नवीन पाकीट आल्याशिवाय मी बटण दाबणार नाही, सर. दाबलं आणि परत बसलं तर आठवडाभर उठायचं नाही हे. उद्याच्या सगळ्या परीक्षा गेल्या."

मला वाटलं, आता कुंग सर त्याला फाडून खाणार. छे! नियमावर वाद घालणारा माणूस कुरकुऱ्यांपुढे गप्प. त्यांनी लायला खालच्या दुकानात पिटाळलं. लाय धापा टाकत पिवळं पाकीट घेऊन आला.

"हे पिवळं आहे," आ-श्यांग म्हणाला.

"हिरवं संपलंय. चालेल ना?"

"पिवळं पैशासाठी असतं. जा, एटीएमवर ठेव. मशीनला हिरवंच लागतं." मग तो सरांकडे वळला. "आणि सर, ज्यानं फोडलं त्यानंच आणायचं असतं."

कुंग सरांनी जॅकेट चढवलं आणि निमूट बाहेर गेले. बाहेर तो खरा ईशान्येचा वारा सुटला होता.

मी लायकडे वळले. "तू मागे वळून पाहिलंस. ते खात होते, तुला दिसलं. मग बोलला का नाहीस?"

"ताई, पुढच्या महिन्यात माझी परीक्षा त्यांच्याकडेच आहे."

"मग बस मूग गिळून."

"ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर..."

"मी तुझ्याच जागी आहे, गाढवा!"

तो खाली बघत बसला. त्याच्यावर ओरडून मला काडीचं बरं वाटलं नाही.

सर परत आले ते केस विस्कटलेले, नाक लाल. हिरवं पाकीट छातीशी धरलेलं. त्यांनी चष्मा वर करून तारीख तपासली. आ-श्यांगकडून पेन घेऊन पाकिटावर यंत्राचं नाव लिहिलं. मग दोन्ही हातांनी ते टेबलामागच्या मशीनच्या पेटीवर ठेवलं, हात जोडले आणि कमरेत वाकले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "भूक लागली होती. राग धरू नकोस. नीट चाल."

इतका मऊ आवाज त्या माणसाच्या गळ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. एका पत्र्याच्या पेटीची त्यांनी माफी मागितली, आणि मी तिथंच, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ उभी होते. मग ते ताठ झाले आणि मला म्हणाले, "चल गं, बस. पहिल्यापासून."

मी तोंड उघडणार तोच आ-श्यांग बोलला. "सर, आत्ताच कुठं समजूत काढलीय. लगेच सगळं पुसून पहिल्यापासून राबवलं तर परत रुसेल. जिथं थांबलं तिथलं जपून ठेवलेलं आहे. तिथूनच घेतलेलं बरं."

"हो, हो," सर घाईनं म्हणाले. "ते बरोबर. तिथूनच घेऊ."

हेच मी सांगितलं होतं! अगदी हेच! माझ्या तोंडून आला तेव्हा तो नियम उद्धटपणा होता, आणि मशीन रुसेल म्हटल्यावर लगेच बरोबर. मी खुर्चीत बसले आणि पट्टा इतका आवळला की खांदा दुखला.

पडदे उजळले. धावपट्टीचे दिवे तिथंच होते, अधांतरी थांबलेल्या पावसात. आ-श्यांगनं विचारलं, "तयार?" मी म्हटलं, "तयार," आणि पाऊस परत पडायला लागला, वारा परत बाजूनं ढकलायला लागला. डावा पाय पूर्ण ताणून मी विमान सरळ धरलं. लाय उंची वाचत होता.

तेवढ्यात हेडफोनमध्ये फोन वाजला. आणि कुंग सरांनी तो घेतला.

"हां, बोल. नाही गं, मासे नको आणूस, आज बाहेरच..."

"कॉकपिटमध्ये शांतता! फोन बंद!"

तो आवाज माझाच होता. आरशासमोर कधीच निघाला नव्हता. लाय दचकला, उंची वाचायची राहून गेली. "वाच!" मी म्हटलं आणि तो वाचायला लागला. मागे एकदम चिडीचूप. एक चाक टेकलं, मग दुसरं. विमान धावपट्टीच्या मधोमध थांबलं.

कुंग सरांनी तिथंच टेबलावर निकालाचा कागद काढला. चेहरा हसरा. "बघितलंस? आला की नाही आवाज? मागच्या वर्षी मी नापास केलं नसतं तर कुठून आला असता? लोक मला कडक म्हणतात. पण माणूस घडवावा लागतो." पेन कागदावर आणून त्यांनी थांबवलं. "आता सरांचे आभार मान बघू."

कागदावर अजून सही नव्हती. लायनं माझ्या बुटावर बूट दाबला. म्हणजे म्हणून टाका, ताई, काय जातंय.

मी पट्टा सोडून उठले. सरांच्या बाजूनं मागे गेले आणि मशीनच्या पेटीसमोर उभी राहिले. ते हिरवं पाकीट बरोबर माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी हात जोडले, कमरेत वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आभारी आहे. माझं सगळं उड्डाण फक्त तूच पाहिलंस."

मग सरांकडे वळले. "सही करा, सर."

त्यांनी एकदा पाकिटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मिशीला तो पिवळा भुगा अजून तसाच होता. पेन हातातच होतं. त्यांनी सही केली.